पांढऱ्या बरणीतली खळ

संक्रांतीच्या सकाळी शिवकांताला पहिली शंका आली ती मुंग्यांवरून.

जिल्दीवाल्यांच्या त्या घरात माणसांचं आणि मुंग्यांचं वैर तीन पिढ्यांचं. अख्ख्या अणदुरात असं दुसरं घर दाखवा, जिथं पौष लागला की साखरेचा पाक, तीळ, गूळ आणि कणकेची खळ एकाच सोप्यात मांडून बसतात. आणि मग विचारा, मुंगी का येते म्हणून! हलव्याची परात पाण्याच्या ताटात ठेवायची, कार्डांच्या टोपल्या खुंटीला टांगायच्या, तरी ती बया दोरीवरून उतरायचीच. आणि काल भोगीच्या गडबडीत सात कार्डांची एक टोपली जमिनीवरच राहून गेली होती. सकाळी शिवकांता केरसुणी घेऊन गेली, टोपली उचलली आणि थबकली. टोपलीत एक मुंगी नव्हती. औषधाला म्हणून नव्हती.

कार्ड म्हणजे जाड कागदाची घडी. वर पतंगाच्या कागदाचं कातरलेलं कमळ, आत बेगडाची चौकट, चौकटीत चिकटवलेली इवलीशी पुडी आणि पुडीत हलव्याचे पाच काटेरी दाणे. पोस्टानं लांब लांब जायची ती, पुण्यापासून हैदराबादपर्यंत. ह्याच कार्डांनी घर तगवलं होतं. निजामाच्या अमदानीत ह्या घरानं तहसिलीच्या उर्दू दप्तरांना जिल्दी बांधल्या, उजवीकडून उघडणाऱ्या. राज्य गेलं, दप्तर मराठी झालं, डावीकडून उघडायला लागलं, आणि जिल्दींचं काम सोलापूरकडं गेलं ते गेलंच. तेव्हा घरातली म्हातारी, म्हणजे शिवकांताच्या सासऱ्यांची आई, म्हणाली होती, "पुठ्ठा हाय, सुरी हाय, हात हायत. रडायलाव कशापायी?" तिनं आहेराची खोकी करायला लावली, वाणाच्या डब्या करायला लावल्या, संक्रांतीची कार्डं करायला लावली.

म्हातारीला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिचा एक नियम अजून घरात देवासारखा होता. खळ दोन भांड्यांत करायची. काळ्या मडक्यात जिल्दीची. तिच्यात मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही, झुरळ खात नाही. पांढऱ्या बरणीत खाऊच्या कामाची. तिच्यात फक्त तुरटीचा खडा, आंबू नये म्हणून. मोरचूद म्हणजे विष. मोठा माणूस ओकून ओकून आडवा होतो, तिथं लेकरांचं काय!

शिवकांतानं एक पुडी सोडवली आणि दाणा दारातल्या उन्हात धरला. जिथं खळ लागली होती तिथं निळसर झाक होती. तिनं पांढरी बरणी आणली, कडेचा वाळलेला थर नखानं खरवडला. निळा. आतल्या खोलीत चिमणीच्या पिवळ्या उजेडात काम केलेलं, तेव्हा कुणाला दिसणार?

ह्याच खळीनं तिनं परवा आणखी एक वस्तू चिकटवली होती, आणि ती वस्तू ह्या टोपलीत नव्हती. ह्या गावातच नव्हती.

"अव्वा, ही खळ बघा वो जरा."

सासू, रुद्रम्मा, गुळाच्या पोळ्या लाटत होती. तिनं बरणीत डोकावलं आणि लाटणं हातातून सुटलं. "अगं बाई! हे तर मडक्यातलं."

"मडक्यातलं न्हाय. बरणीतच कालवलंय."

"बघा, म्या म्हणत न्हवते?" अनसूया आत्या कोपऱ्यातून म्हणाली. ही सासऱ्यांची धाकटी बहीण. दर संक्रांतीला ईटहून माहेरी यायची आणि आल्या दिवसापासून सगळ्यांना धारेवर धरायची. "अष्टग्रही तोंडावर आलीया. आठ गिरह एका राशीत येऊन समदं जग बुडायचं म्हणत्यात, मंग आपली खळ नासली तर नवल काय?"

"अष्टग्रही काय बरणीत उतरली व्हय, वन्सं?" रुद्रम्मा करवादली. "कुणीतरी मोरचूद टाकलंय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ह्या घरात खळ एकच माणूस करायचा. शिवकांताचा नवरा विरुपाक्ष तेवढ्यात बाहेरून आला आणि त्यानं बरणी पाहिली. चौघंही बाहेर ओसरीकडं बघायला लागली. तिथं शिवकांताचे सासरे, शंकरप्पा, खांबाला टेकून कोऱ्या कागदांचा दस्ता बोटांनी मोजत होते.

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, तर ती आत्यानंच. ती परवा खळीसाठी सोडलेली कोनाड्यातली पुरचुंडी घेऊन गेली आणि दोन हात लांब उभी राहिली. "दादा, बरणीत काय घातलंत परवा?"

"काय घालणार? तुरटी."

"ही?"

तिनं पुरचुंडीतला खडा पुढं केला. खडा जुना होता, वरून पिठाळलेला. पण मोडलेल्या बाजूनं निळाशार, मोरपिसासारखा. शंकरप्पांनी मान वर केली. खड्याकडं बघितलं, म्हणजे खड्याच्या थोडं बाजूला बघितलं.

"हीच की. पांढरीफेक हाय, दिसत न्हाय व्हय तुला?"

शिवकांताला एकेक गोष्ट आठवायला लागली. दसऱ्यापासून मामंजींनी सुरी विरुपाक्षाच्या हातात दिली होती, मनगट दुखतं म्हणून. पेपर आला की म्हणायचे, सूनबाई, तू वाच, माझं ऐकणं व्हतं आन तुझं वाचणं. गेल्या महिन्यात उंबऱ्याला ठेच लागली तर उंबऱ्यालाच शिव्या घातल्या. सगळ्यांनी बघितलं होतं आणि कुणीच बघितलं नव्हतं.

"दादा," आत्याचा आवाज एकदम खाली आला, "हे मोरचूद हाय."

शंकरप्पांनी हात पुढं केला. तिनं खडा तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं चाचपला, जिभेच्या टोकाला लावला, थुंकले आणि खडा हळूच खाली ठेवला. चेहरा असा उतरला की बघवेना.

"किती गेली?" त्यांनी विचारलं.

विरुपाक्ष लगेच पुढं आला. बापाचा अपमान लवकर संपावा एवढंच त्याला वाटत होतं. "एक पण गेलं न्हाय, अप्पा. सोलापूरचा गठ्ठा आधीच गेलेला. पाव्हण्यांची कार्डं पण आधीची. ही बरणी परवा दुपारची, तिची सातच कार्डं झाली, आन सातच्या सात हितं हायत."

रुद्रम्मानं पदर सावरला आणि नळदुर्गाकडं तोंड करून हात जोडले. गावचे देव वर्षातले काही महिने नळदुर्गात मुक्कामाला असायचे, आणि त्या महिन्यात तिकडंच होते. "पावलास रं बाबा! जिवावरचं बोटावर गेलं." आत्यानं मोठा सुस्कारा सोडला. विरुपाक्ष टोपली उचलून उकिरड्याकडं निघाला. झालं, मिटलं.

शिवकांता दारात उभी होती. गप्प राहिली असती तर? एक क्षणभर तिला तसं वाटलंही, खोटं कशाला बोला. घरातल्यांच्या मनातून कायमची उतरले तर, हा विचार आला. पण त्याच्या पाठोपाठ एक बोळकं तोंड डोळ्यांपुढं आलं, कधी न पाहिलेलं.

"सात न्हायत," ती म्हणाली. "आठ हायत. एक गेलंय. उमरग्याला."

उमरग्याचं नाव त्या घरात सहा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. तिथं शंकरप्पांचा सख्खा धाकटा भाऊ राहायचा, बंडप्पा. तोही जिल्दीवाला, त्याचंही हेच काम. म्हातारी गेली तेव्हा शंकरप्पांनी त्याला माणूस पाठवला नाही. पोस्टाचं कार्ड टाकलं. कार्ड तिसऱ्या दिवशी पोचलं. बंडप्पा आला तोवर माती होऊन गेली होती. दारात उभा राहून त्यानं ते कार्ड सगळ्यांसमोर फाडलं होतं. म्हणाला होता, "पंधरा कोसावर भाऊ हाय, त्याला परक्यावाणी कार्ड? मायचं तोंड बी बघू दिलं न्हाय. आता ह्या घरचं कार्ड माझ्या दारात दिसाया नको." आणि शंकरप्पांनी तिथल्या तिथं शब्द दिला होता, न्हाय दिसायचं. तेव्हापासून दर संक्रांतीला दीडदोनशे घरी कार्ड जायचं. मोडनिंबच्या चुलत व्याह्यापर्यंत जायचं. पण उमरग्याला नाही.

"कार्ड धाडलंस?" रुद्रम्माला अजून खरं वाटत नव्हतं.

"कार्ड न्हाय, अव्वा. डबा. काकांच्या नातवाचं आज बोरन्हाण हाय. पैलं. मी मुकुट केला, हलव्याचा. मनगट्या केल्या. परवा, आतल्या खोलीत बसून. शेजारचे बलभीमभाऊ बैलबाजाराला जात होते, त्यांच्या हाती दिला. त्यांनी काल मथुराकाकीच्या हातात पोचवला."

"कुणी सांगितली हुती तुला ही शानपत्ती?" रुद्रम्मा कडाडली. "घराचा शबूद म्हंजे काय चावडीवरची गप्पा हाय?"

"मला काही विचारलं न्हाईस," विरुपाक्ष म्हणाला. हे त्याला जास्त लागलं होतं.

"विचारलं असतं तर व्हय म्हणला असता?" शिवकांताच्या डोळ्यांत पाणी आलं; पण आता तोंड उघडलंच होतं. "मी ह्या घरात आले तवा माझ्या पैल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने कुणी केले? काकीनं. बिंदीपासून पैंजणापर्यंत. कमळ कातरायला कुणी शिकवलं? तिच्या हातचं कमळ मी दर वर्षी दोनशे घरी धाडते आन तिलाच न्हाय. माझं चुकलं. शिक्षा करायची ती करा. पण आधी ते लेकरू… दुपार कलली की घालणार, असा काकीनं बलभीमभाऊंपाशी निरोप दिलाय. वर्साचं पोर, मुकुट काढून चोखायलाच बसंल."

आता कोण कुणाच्या बाजूचं, हे त्या घरात पटापट बदलायला लागलं. मघाशी आगीचा डोंब झालेली रुद्रम्मा एकदम खाली बसली. लेकरू म्हटलं की तिचा राग टिकायचा नाही. विरुपाक्षानं टोपली तशीच ठेवली आणि चपला घातल्या. "मी नळदुर्गाला जाऊन तार करतो."

"तार?" आत्या उसळली. "अरं शाण्या, अणदूरची तार बघून त्या घरात आधी रडारड सुरू व्हईल, दादा गेले म्हणून. न्हायतर बंडू न वाचताच फाडंल. त्याचा सोभाव मला ठाव हाय, तुझ्या बापाचाच हाय." मग ती भावाकडं वळली. "दादा, मागल्या बारीला कार्ड धाडलंत. आता तरी पाय धाडा."

ऐकणारा हबकून जावा असं बोलणं. पण शंकरप्पा रागावले नाहीत. सुनेकडं, म्हणजे तिच्या आवाजाकडं, तोंड करून त्यांनी एवढंच विचारलं, "मुकुटाला खळ कुठं कुठं लावलीस?"

"समदीकडं, मामंजी. दाणा न् दाणा चिकटवलाय."

ते उठले. "माझा कोट दे."

"अप्पा, मी जातो ना," विरुपाक्ष म्हणाला. "तुमाला वाटंत दिसणार—"

"दिसत न्हाय. बोल की. आता समद्यांना कळलंच, मंग लपवून काय लोणचं घालायचंय?" त्यांनी कोटाच्या बाह्या चाचपून हात घातले. "खळ म्या केली. म्याच जाणार. सूनबाई संगं येईल. कुठला दाणा कुठं, तिला म्हाईत."

रुद्रम्मा धावत तिळगुळाचा डबा घेऊन आली. "सणाचं रिकाम्या हातानं जाऊ नगासा."

"ठेव तो. आज ह्या घरचं खायचं काय घेऊन जाऊ? आन कंच्या तोंडानं दिऊ?"

सडकेवर एसटीला अजून दोन तास होते. शिवकांता सासऱ्यांच्या मागं चार पावलं, रीतीप्रमाणं, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. लांबून धूळ उडाली. शंकरप्पांनी हात वर केला. गाडी जवळ आली तेव्हा ती कडब्याची बैलगाडी निघाली. शिवकांता पुढं जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. मग सोलापूरकडून हैदराबादला निघालेला खराखुरा ट्रक आला, तो तिनंच थांबवला.

"कां जाना है, चाचा?" ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"उमरगा. जल्दी का काम है बेटा, बच्चे की जान का सवाल है," शंकरप्पा म्हणाले. निजामाच्या तहसिलीत मुरलेली त्यांची ती बोली अजून अस्खलित होती. ड्रायव्हरनं दुसरा शब्द विचारला नाही.

नळदुर्ग मागं पडलं, किल्ल्याचा बुरूज मागं पडला, जळकोट आलं. ट्रक आपला डुलत डुलत चालला होता. शिवकांता काचेतून सूर्याकडं बघत होती. अजून डोक्यावर आहे, अजून वेळ आहे, असं स्वतःला बजावत होती. मनात एकच चित्र फिरत होतं: लेकरू मांडीवर, डोक्यावर मुकुट, बायका बोरं ओततायत, आणि लेकराचा हात मुकुटाकडं जातोय. आपल्या हातानं केलेल्या कौतुकाच्या वस्तूची कुणाला अशी दहशत वाटली असेल का? मामंजी, मी काय करून बसले, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.

शंकरप्पाच बोलले. ट्रकच्या घरघरीत तिला नीट ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं.

"त्या दिवशी माणूस होता, सूनबाई."

"कंच्या दिवशी?"

"माय गेली त्या दिवशी. बलभीमचा बाप सायकल घेऊन दारात हुबा होता. म्हणला, शंकरप्पा, मी जातो, सांजच्याला बंडूला घेऊन येतो. म्याच नगं म्हणलं. म्या म्हणलं, कार्ड टाकतो."

शिवकांता त्यांच्याकडं बघत राहिली. सहा वर्षं घरात सांगितलं जायचं की माणूस मिळाला नाही.

"मायच्या आजारात बंडू एकदाच आला. आला तो वैद्याला नावं ठेवून गेला, मला नावं ठेवून गेला. रात्रंदिस उशाला मी, आन शानपणा सांगाया हा. राग होता माझ्या डोस्क्यात. म्हणलं, कळंल तवा कळंल. माय मला कवाच माफ करायची न्हाय. दोघं तिचीच लेकरं की."

"राग येतो, मामंजी. माणसाला येतोच."

"आता त्यो दारात काय म्हणंल सांगू? म्हणंल, मायचं तोंड दाखवलं न्हाईस, आन नातवाला इख धाडलंस. आन मी काय बोलणार? डोळे गेलेत म्हणून सांगू? कोण खरं मानंल? जलमभर ज्यानं खळ केली त्याला तुरटी आन मोरचूद कळंना, हे शेंबडं पोर तरी खरं मानंल का?" त्यांचा आवाज फुटला. "लेकराला काय झालं असलं तर मी परत अणदूरला येत न्हाय बघ. सांगून ठेवतो."

"असं नगा बोलू," एवढंच तिला म्हणता आलं. तीही रडायला लागली होती. येणेगूरला ड्रायव्हर चहाला थांबायचा रोज. त्यानं आरशात दोघांकडं बघितलं आणि गाडी तशीच पुढं काढली. भलं होवो त्याचं.

उमरग्याला उतरले तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. चौकात ट्रकांची रांग, हॉटेलांचा गलका, उसाच्या मोळ्या विकायला बसलेल्या बाया. शंकरप्पांना ह्या गर्दीत एक पाऊल टाकता येईना. शिवकांतानं इकडंतिकडं बघितलं आणि जे कुठल्या सुनेनं त्या गावात भर रस्त्यात केलं नसेल ते केलं: सासऱ्यांचा हात धरला. एका दुकानातल्या बाईनं डोळे विस्फारले. विस्फारू देत. शिवकांता त्यांना ओढत निघाली.

बंडप्पाची गल्ली बाजाराच्या मागं. तिला आठवत होती. लग्नानंतर एकदा आली होती. बोरन्हाणाचं घर म्हणजे लांबूनच ओळखू यायला हवं: पोरांचा कालवा, बायकांची गाणी. गल्लीत शिरली तर काहीच ऐकू येईना. सगळं शांत. ती जागीच थांबली.

"का थांबलीस?" शंकरप्पांनी विचारलं. "आवाज का येईना?"

ती पळतच सुटली, आणि तिच्या हाताला धरून तेही पळाले, सत्तरीला टेकलेला माणूस, कोटाची बटणं उघडी.

ओट्यावर बंडप्पा बसले होते. घरातल्या घरात अंगात कोट, डोक्यावर टोपी, पायांत वहाणा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पुढं परात, परातीत तिच्या मुकुटाचे उकललेले तुकडे, आणि गुडघ्यावर कोऱ्या पुठ्ठ्याचा नवा मुकुट, अर्धा हलवा लावलेला. त्यांनी मान वर केली. थोरल्या भावाला असं सुनेच्या हाताला धरून धापा टाकत उभं पाहिलं, तशी हातातली खळीची काडी खाली ठेवली.

"बंडू," शंकरप्पांना दम लागला होता, "मुकुट… लेकराला… त्याच्यात मोरचूद…"

"म्हाईत हाय."

"लेकरू?"

"आत निजलंय. दूध पिऊन." बंडप्पा उठून ओट्याच्या पायरीवर आले. भावाच्या तोंडासमोर हात हलवला नाही, काही केलं नाही; नुसतं डोळ्यांकडं बघितलं. आणि मग अगदी हळू विचारलं, "कवापासनं दिसंना तुमाला, अण्णा?"

शंकरप्पांनी वाटेत काय काय जुळवून आणलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी भावाचा कोट धरला आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

दारात मथुराकाकी आली होती. तिनं शिवकांताला जवळ घेतलं आणि तिच्या कानाशी सगळं सांगितलं. डबा तिनं भीतीनं कोंड्याच्या कणगीत लपवला होता. दुपारी काढला, तोच धन्यांनी, म्हणजे बंडप्पांनी, बघितला. मुकुट पालथा केला, नखानं खळ खरवडली, जिभेला लावली. जिल्दीवाल्याची खोड, कुठली खळ दिसली की चाखायची. चाखली आणि भडकलेच. हात उगारून म्हणाले, सूड घेतला थोरल्यानं. मग मुकुटावरच्या कागदी कमळाच्या पाकळ्या निरखून बघितल्या. म्हणाले, हे कमळ तुझ्या हातचं, मथुरे. म्हंजे केलं त्या पोरीनं. ती कशाला इख घालंल? खळ तर अण्णाच करत असणार. आणि अण्णा डोळे असताना हे हयातीत करायचे नाहीत. "आमच्या सासऱ्यांनी शेवटल्या वर्साला जिल्दीच्या खळीत असंच भलतं काही कालवलं होतं गं," काकी म्हणाली. "त्यांना बी मोतीबिंदू. ह्या दोघांनीच लहानपणी ती खळ पुरली होती परसात, कुणाला कळू नये म्हणून. मंग आज आमचे धनी उठले, कोट घातला, म्हणाले, बोरन्हाण सांजच्याला ठेव, एवढा मुकुट पुरा करतो आन चारच्या गाडीनं अणदूरला जातो. अण्णा एकलेच असतील डोळ्याचं दुःख घेऊन."

शिवकांतानं काकीच्या खांद्यावर डोकं टेकवलं. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि आतल्या खोलीत लेकरू जागं होऊन कुरकुर करायला लागलं होतं. त्या कुरकुरीइतका गोड आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

ओट्यावर दोघं भाऊ अजून तसेच उभे होते. शंकरप्पांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. "सणाचं आलो, बंडू, आन रिकाम्या हातानं. तिळगुळाचा दाणा बी आणला न्हाय. मी थोरला."

"कार्ड न्हाय ना आणलं?" बंडप्पा म्हणाले.

"न्हाय."

"मंग झालं तर. या आत. पायरी हाय हितं, जपून."